टेपाचे सात थर

माझ्या नाकावर राग असतो. हे दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते. पिंगळीला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पाटीवर नाव माझ्या नवऱ्याचं, रामहरीचं. पण पंपाच्या जळालेल्या मोटारी घेऊन येणारी माणसं आधी दारातून आत डोकावतात, मंजुषाबाईंचं तोंड कसं आहे ते बघतात आणि मगच पायरी चढतात. मला त्याचं काही वाटत नाही. बाई कॉइल भरायला बसली की लोक तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीला विचारतात, "मिस्त्री कुठं गेले?" अशा माणसांशी गोड बोलून धंदा होत नाही.

तर मोटारी राहू द्या. मला हॉकीच्या एका स्टिकबद्दल सांगायचं आहे, आणि ते सांगताना अजूनही माझं डोकं तापतं.

शाळेत असताना मी हॉकी खेळायचे. विभागापर्यंत गेले, मग लग्न झालं आणि पिंगळीला आले. पाच वर्षांपूर्वी शाळेमागच्या मुरमाच्या माळावर सात-आठ पोरी स्टिका घेऊन धावताना दिसल्या. त्यांना शिकवायला कुणी नव्हतं. शिट्टी वाजवायला एक सर होते, ते खुर्चीवर बसून मोबाइल बघायचे. दोन दिवस मी रस्त्यावरून बघितलं, तिसऱ्या दिवशी आत गेले आणि त्यांच्याकडून शिट्टी मागून घेतली. त्यांनीही ती आनंदानं दिली. तेव्हापासून रोज साडेचार ते सहा मी माळावर असते.

खरा वैताग स्टिकांचा होता. सगळ्या लाकडी, तुतीच्या, शाळेच्या कपाटातल्या. मुरमावर खेळलं की स्टिकचं डोकं, म्हणजे खालचा वाकडा भाग, सारखं जमिनीला घासतं. दोन महिन्यांत लाकडाच्या दशा निघतात, चावलेल्या दातवणासारख्या. त्यात पाणी मुरलं की डोकं फुगतं आणि चिरतं. परभणीच्या दुकानात मुठीला गुंडाळायची पट्टी मिळायची, डोक्याला बांधायचं काही मिळायचं नाही. दुकानदार म्हणाला, "नवीच घ्या की." जसं काही पोरींच्या परसात स्टिकांचं झाडच लागलंय.

मग मी आमच्याच दुकानातलं सामान वापरलं. मोटारीतल्या कॉइलची तोंडं बांधायला आम्ही पांढरी सुती टेप वापरतो आणि तिला वार्निश पाजतो. स्टिकचं डोकं मी काचकागदानं घासायचे, दशा कापायचे, पातळ गोंद लावायचे आणि टोकापासून वर तिरकी टेप गुंडाळत जायचे. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवायचा. अंगठ्यानं दाबून ओढायचं, जरा ढिलं राहिलं की दोन दिवसांत सुरकुती पडते. मग ब्रशनं वार्निश, आणि दिवसभर लाकडी खोक्यात दोनशे वॅटचा बल्ब लावून वाळवायचं, जशी आम्ही मोटार वाळवतो तसं. वाळलं की डोकं असं टणक व्हायचं, की नखानं वाजवलं तर टकटक आवाज यायचा. जिंतूर, सेलूच्या शाळांतून माझ्याकडं स्टिका यायला लागल्या. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

या पोरींमध्ये दिपाली होती. तिच्या घरी मेंढरं. आई भिवराबाई आणि बाप दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठानं निघायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे, आणि दिपालीला बरोबर जावं लागायचं. वर्षातले चार-पाच महिने शाळा नाही, संघ नाही, काही नाही. पण स्टिक मात्र ती बरोबर न्यायची. मेंढरांमागं चालताना गोटा दिसला की मार, ढेकूळ दिसलं की मार. परत आली की आधी ती स्टिक मी तिच्या हातातून काढून घ्यायचे. आणि खेळ? पिंगळीतच काय, परभणीतही तिच्यासारखा चेंडू पळवणारी पोरगी मी बघितली नाही. बाकीच्या पोरी चेंडूच्या मागं पळायच्या, हिच्या बाबतीत चेंडूच हिच्या मागं यायचा.

दुसऱ्या वर्षी तिच्या स्टिकच्या डोक्याला आरपार चीर गेली. मी तिच्यात गोंद आणि लाकडाचा भुसा भरला, सुतळीनं आवळलं आणि वर टेप बांधली. तेव्हापासून ती टेप मी कधी उघडली नाही. वरचा थर झिजला की त्याच्यावर नवा थर. रामहरी एकदाच बोलला होता. बोलतोच कमी.

"जुनं काढून टाक, मग नवं बांध," तो म्हणाला.

"काढलं की चीर उघडंल. तुमी तुमचं बघा," मी म्हणाले.

तो पुन्हा मोटारीकडं वळला. खरं तर जळकं वायंडिंग न काढता त्याच्यावर नवी तार भरणाऱ्या मिस्त्रीला मी दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं. आणि स्टिकला मी तेच करत होते. एकदा नाही, सात वेळा.

यंदा सप्टेंबरात परभणीच्या मैदानावर निवड चाचणी होती. सतरा वर्षांखालच्या मुलींसाठी निवासी प्रशिक्षण केंद्र, वीस जागा. राहणं, जेवण, शाळा, हॉकी सगळं एका जागी. निवड झाली असती तर दिपालीला दिवाळीनंतर मेंढरांमागं जायची गरज नव्हती. आणि ही शेवटची संधी, कारण डिसेंबरात ती सतरा पूर्ण करणार होती. भिवराबाई सकाळी तिला घेऊन दुकानावर आली. म्हणाली, "मला मेंढरं सोडून येता येत न्हाई. तुमच्या हवाली हाय बघा. काय ते तुमीच करा." मी म्हणाले, "तुमी बिनघोर जा."

पिंगळीच्या पाच पोरी घेऊन मी रेल्वेनं परभणीला गेले. सहावी, अर्पिता, आजोबांच्या गाडीतून आली. तिचे आजोबा दिनकरराव, गावातले मोठे बागायतदार आणि आमच्याकडच्या हॉकी संघटनेचे अध्यक्ष. हॉकीतलं त्यांना इतकंच कळतं, की बक्षीस समारंभाच्या फोटोत ते स्टिक काठीसारखी उलटी टेकवून उभे राहतात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका समारंभात त्यांनी दिपालीची स्टिक उचलली, डोक्याकडं बघितलं आणि माइकसमोर म्हणाले, "ही स्टिक हाय का कुणाच्या मोडक्या पायाचं प्लॅस्टर?" अख्खा मंडप हसला. मीही तिथंच उभी होते. त्या दिवसापासून त्या माणसाशी मी नमस्कारापुरतीसुद्धा बोलले नव्हते.

मैदानाच्या दारात टेबल मांडलं होतं. बाहेरून आलेले निवड समितीचे रंगनाथ सर प्रत्येकीची स्टिक घ्यायचे आणि एका स्टीलच्या कड्यातून काढायचे. मुठीकडून कडं घालायचं, डोक्याकडून बाहेर. असलं कडं मी जन्मात बघितलं नव्हतं. आमच्याकडच्या सामन्यांत कुणी स्टिक मोडली तर नाही एवढंच बघतात, कधीकधी तेही नाही.

माझ्या चार पोरींच्या स्टिका घासत-घासत का होईना, गेल्या. दिपालीच्या स्टिकवर ते कडं डोक्यापाशी आलं आणि थांबलं.

"ही जात नाहीये," सर म्हणाले.

"जरा जोर लावा की," मी म्हणाले.

"जोर लावायचा नसतो, बाई. सहज जायला पाहिजे. एकावन्न मिलिमीटर, टेपासकट. नियम आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाच वरसं ही पोरगी याच स्टिकनं खेळायलीय," मी म्हणाले. "तालुक्याला खेळली, जिल्ह्याला खेळली. तवा कुठं होतं तुमचं कडं? ज्या पोरी महिन्यातून एकदा मैदानावर येतात त्यांच्या स्टिका बारीक ऱ्हाणारच. ही रोज खेळती, म्हणून हिची जाड झाली. जी जास्ती खेळली तिलाच दारात अडवायलात?"

रांगेतल्या पोरी बघायला लागल्या. रंगनाथ सर शांत होते, आणि शांत माणसाचा मला दुप्पट राग येतो.

"तुमचं म्हणणं मला समजतंय," ते म्हणाले. "पण ही स्टिक आत जाणार नाही. थर काढून बारीक करा, नाहीतर दुसरी आणा. तिचा गट साडेअकराला आहे. अजून चाळीस मिनिटं आहेत."

मी पर्समधून टेप कापायची सुरी काढली आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. दिपाली समोर उकिडवी बसली. माझीच बांधणी मला सुटेना. वार्निशनं टेपाचा दगड झाला होता. सुरीचं टोक घालून मी पहिला थर उचकटला, तो पोळ्याच्या आठवड्यातला. त्याच्याखाली उन्हाळ्यातला. तिसरा लालसर, त्या वेळी वार्निश दुसरं मिळालं होतं. चौथ्या थराला माझं बोट कापलं. पाचवा, सहावा. मी तोंडानं सारखं बोलत होते. रंगनाथ सरांना, त्या कड्याला, मुरमाला, शाळेच्या कपाटाला, सगळ्यांना शिव्या देत होते. दिपाली एकेक पट्टी माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवत होती.

सातवा थर निघाला आणि सुतळी दिसली. सुतळी कापली, तसं डोक्याचं टोक माझ्या हातात आलं. आतलं लाकूड काळं पडलं होतं, बोटानं चुरडलं तर पीठ होत होतं. तीन वर्षं त्या टेपाच्या आत स्टिक राहिलीच नव्हती.

"मावशी, ही तर मोडलेलीच व्हती की," दिपाली म्हणाली.

"व्हती."

"तुमाला ठावं व्हतं?"

"ठावं नसाया काय झालं? मीच बांधली न्हवं?" मी तिच्यावरच खेकसले. "मग काय करायला पाहिजे होतं मी? तू मेंढरामागं गोटे बडवत फिरतीस, अन् मी इथं बसून बांधायची! बोल की!"

 तिच्या हातात त्या पट्ट्या तशाच होत्या. ती हळूच म्हणाली, "बाकीच्यांच्या मला आखूड पडत्यात. अर्पिताकडं दोन हायेत. एक मागते."

"त्या दारात जायचं न्हाई," मी म्हणाले. "माइकवर सांगतील, आमी दिली म्हणून. तू हितंच थांब. मी बघते त्या सराकडं."

आणि मी गेले. काय बघायचं होतं ते मला तरी माहीत होतं का? मी टेबलासमोर उभी राहिले आणि भांडायला लागले. दुपारच्या गटात तिला घ्या म्हणाले. सगळ्यांच्या स्टिका पुन्हा मोजा म्हणाले. ते कडं खरंच एकावन्नचं आहे कशावरून, असंही म्हणाले. रंगनाथ सरांनी खिशातून पट्टी काढून कडं मोजून दाखवलं. एकावन्नच होतं. पट्टी तरी खरी कशावरून, असं मी विचारणार होते, तेवढ्यात मागं बघितलं तर दिपाली पायऱ्यांवर नव्हती.

ती लिंबाच्या झाडाखाली, दिनकररावांच्या गाडीपाशी उभी होती. तिच्या हातात काळी फायबरची स्टिक होती आणि अर्पिता तिला मूठ कशी धरायची ते दाखवत होती. मी तरातरा तिकडं निघाले. दिनकररावांची पाठ माझ्याकडं होती. त्यांचा आवाज मुळातच माइकवरचा, त्यामुळे दहा पावलांवरून मला सगळं ऐकू आलं.

"अगं, घे की बाळा, लाजतीस कशाला," ते म्हणत होते. "दोन सालामागं तुझ्या नावानंच एक पाठवली होती मी. साडेसदतीस इंची, तुझ्या मापाची. बन्सीधर दुकानावर घेऊन गेला होता. तुला नको म्हणून परत आली. मला वाटलं, पोरगी लय मानी हाय, आपल्याकडचं घेत न्हाई."

दिपालीनं मान वळवली. मी तिथंच थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं ते आश्चर्यानं नाही. काहीतरी पक्कं करून घ्यावं तसं बघितलं आणि तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. तेवढ्यात साडेअकराच्या गटाची शिट्टी झाली आणि ती पळत आत गेली.

हे मी आधीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्या दिवसापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, रामहरीलासुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी दिनकररावांचा ड्रायव्हर बन्सीधर प्लॅस्टिकच्या पिशवीतली एक नवी स्टिक घेऊन दुकानावर आला होता. मी ती हातात घेतली होती. मूठ धरून मनगट फिरवून बघितलं होतं. असा तोल असतो स्टिकचा, हे मी विसरूनच गेले होते. दिपालीच्या हातात ती कशी चालेल ते मला तिथं उभ्या-उभ्या दिसलं. मग बन्सीधर म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, आता तेवढं चिंध्या बांधायचं बंद करा म्हणावं." मी स्टिक पिशवीत घातली आणि त्याच्या छातीवर टेकवली. "आमच्या पोरीला गरज न्हाई म्हणून सांगा," म्हणाले. संध्याकाळी माळावर दिपाली आली तेव्हा मी तिच्या जुन्या स्टिकवर चौथा थर बांधून ठेवला होता, नेहमीपेक्षा जास्त घट्ट.

खेळ सुरू झाला. पंचवीस मिनिटं होती. पहिल्या चेंडूलाच माझ्या लक्षात आलं काय होणार ते. टेप आणि वार्निश मिळून तिची जुनी स्टिक पाव किलोनं तरी जड झाली होती. तीन वर्षांत तिच्या हातांना त्या वजनाची सवय लागली होती. फटका मारायचा तर ती हात आधीच उचलायची. आता हलकी स्टिक चेंडू यायच्या आत खाली येत होती. चेंडू स्टिकच्या वरून जात होता, नाहीतर नुसता कड लागून बाजूला. अडवायला गेली तर फायबरवरून हातभर उडत होता. पास चुकला. दुसरा चुकला. सोबतच्या पोरींनी तिला चेंडू द्यायचंच बंद केलं. दिपालीला कुणी चेंडू देत नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होते.

मी कुंपणाच्या जाळीला धरून ओरडत होते, "हात उशिरा आण! उशिरा!" ऐकू जात होतं का नाही, देव जाणे. रंगनाथ सर कागदावर काहीतरी लिहीत होते. मला त्यांच्या हातातला कागद हिसकावून फाडावासा वाटला.

शेवटच्या पाच-सहा मिनिटांत तिला ती स्टिक कळली. कशी कळली ते मला बघताना समजलं. ती थांबली, एकदा मनगट फिरवलं, आणि मग डाव्या बाजूनं निघाली. एक पोरगी मागं टाकली, दुसरी टाकली, तिसरी आडवी आली तर चेंडू तिच्या पायांच्या बाजूनं काढला आणि पुढं जाऊन गोलात मारला. एवढ्या वेगात मी तिला कधीच बघितली नव्हती. माझ्या पोरी नाचायला लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ही पोरगी दोन वर्षं अशी खेळू शकली असती. ती पुन्हा चेंडूवर गेली, पुन्हा दोघींना चुकवलं, आणि शिट्टी झाली.

दुपारी दोन वाजता यादी लागली. वीस नावं. अर्पिता चौदावी. खाली रेघ मारून तीन राखीव नावं होती, त्यात दुसरं दिपालीचं. राखीव म्हणजे वरचं कुणी आलं नाही तर. असल्या जागा सोडून कोण घरी बसतं?

मी रंगनाथ सरांना गाठलं. बाह्या सरसावूनच गेले होते म्हणा ना. "तिचा शेवटचा खेळ बघितला का तुमी?" मी म्हणाले. "का तवा चहा प्यायला गेलता?"

"बघितला," ते म्हणाले. "आजचा सगळ्यात चांगला खेळ तोच होता. पण बाई, पाच मिनिटांवर मी वीस मिनिटं विसरू शकत नाही. समितीत आम्ही तिघं आहोत, मी तिच्यासाठी भांडलो, म्हणून निदान राखीवमध्ये आली." मग त्यांनी विचारलं, "त्या स्टिकनं ती किती दिवस खेळतेय?"

"आजच."

"आजच?" त्यांनी चष्मा काढला. "अरेरे. महिनाभर आधी जरी तिच्या हातात असती ना, तरी तिचं नाव पहिल्या पाचात असतं."

  मी तिथून निघाले आणि वाटेत दिनकरराव दिसले. ते हात जोडून काहीतरी म्हणाले, बहुतेक चांगलंच असावं. त्यांच्यावर रागवायचा मी प्रयत्न केला. ते प्लॅस्टर, तो मंडप, तो माइक, सगळं आठवून बघितलं. राग होता, भरपूर होता, पण तो त्यांच्यापर्यंत जाईना.

दिपालीनं काळी स्टिक ओढणीनं पुसली आणि अर्पिताला परत दिली. अर्पिता "ठेव की तुझ्याकडं" म्हणत होती, तर ही मानेनंच नाही म्हणाली. मग ती पायऱ्यांकडं आली. तिथं माझ्या सात थरांच्या पट्ट्या आणि ते लाकडाचं टोक अजून तसंच पडलं होतं. बाकीच्या चार पोरी पुढं जाऊन रिक्षा बघत होत्या.

मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. मला कुणी दोष देण्याआधीच मी आवाज चढवते, ती माझी खोडच आहे. "तुला ठावं न्हाई ते काय बोलले ते," मी म्हणाले. "बन्सीधर दुकानात येऊन माझ्या तोंडावर म्हणला, चिंध्या बांधायचं बंद करा म्हणावं. माझ्या कामाला चिंध्या म्हणले ते, दिपे! या हातानं बांधलेल्या स्टिकला! मी काय ऐकून घ्यायचं होतं?"

 या पोरीनं पाच वर्षांत मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आताही तिनं आवाज चढवला नाही.

"चिंध्या तुमाला म्हणले, मावशी," ती म्हणाली. "स्टिक मला दिली व्हती."

आणि ती रिक्षाकडं गेली. रेल्वेत ती दुसऱ्या बाकावर बसली, खिडकीकडं तोंड करून. पिंगळीला उतरल्यावर तिनं माझ्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं, रोज करायची तसं, आणि अर्ध्यातूनच सरळ होऊन निघून गेली.

केंद्राकडून मी दिवाळीपर्यंत फोनची वाट बघितली. दोनदा मीच केला. वीसच्या वीस हजर झाल्या होत्या. त्या दोन महिन्यांत दिपाली माळावर आली नाही. मी एकदा तिच्या घरापर्यंत गेले, बाहेरूनच कुत्री भुंकली आणि मी परत फिरले. मी, मंजुषा, कुत्र्याला भिऊन परत फिरले, असं गावात सांगितलं तर लोक हसतील.

भाऊबीज झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी त्यांची मेंढरं रस्त्यावरून निघाली. भिवराबाई दुकानाच्या पायरीवर आली. "येतो आमी, बाई," म्हणाली. "पोरीसाठी तुमी लय केलं. नशिबात नव्हतं तिच्या." तिला काहीच माहीत नव्हतं. दिपालीनं घरी काही सांगितलं नव्हतं. मी मान खाली घालून कॉइल भरत बसले. रामहरीनं माझ्याकडं बघितलं, मग तो उठून आत गेला.

दिपाली बाहेर रस्त्याच्या कडेला मेंढरं आवरत उभी होती. हातात साधी बाभळीची काठी. पाठीवर भांड्यांचं गाठोडं. एक कोकरू कळपातून बाजूला पळालं, तर तिनं काठी आडवी करून एका मनगटाच्या हिसड्यानं त्याला आत वळवलं, आणि पुढं चालायला लागली. तिनं दुकानाकडं बघितलं नाही. माझ्या जागेवरून दारापर्यंत चार पावलं होती. एरवी भांडायला मी ती दोन ढांगांत जाते.